कमी पुकारलेले दोन इंच

त्या दुकानात गिऱ्हाइकाच्या पोटाचे माप कधीही खरे पुकारले जात नसे. टेप चाळीस दाखवत असली, तर मास्तर मोठ्या, स्वच्छ आवाजात ‘अडतीस’ म्हणत. बेचाळीस दाखवत असली, तर ‘चाळीस’. याला खोटे बोलणे म्हणावे की नाही, याविषयी वाद घालता येईल. परंतु चार अनोळखी माणसांच्या देखत, दोन्ही हात किंचित वर धरून, उंच आरशासमोर उभे राहून ज्याने स्वतःच्या पोटाचा घेर एकदा तरी ऐकलेला आहे, तो या रीतीला खोटेपणा म्हणण्याआधी क्षणभर थांबेल. रीत मास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेली होती. त्यांचे म्हणणे असे, की माणूस कोट शिवायला येतो तो चांगले दिसण्यासाठी. त्याची सुरुवात आपण त्याला शरमिंदा करून का करावी?

अर्थात पुकारताना वजा केलेले दोन इंच कुठेतरी परत मिळवणे भाग होते, नाहीतर कोटाची बटणे लागली नसती. ते कोण मिळवत असे, या साध्या प्रश्नाचे उत्तर दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवे होते. ते फक्त एका व्यक्तीला ठाऊक होते.

दुकान एकाच खोलीचे, पण मधोमध तपकिरी पडदा सोडून त्याचे दोन भाग केलेले. पडद्याच्या अलीकडे आरसा, कापडाचे तागे, कटिंगचे लांब टेबल आणि खिडकीपाशी दोन शिलाई मशीन. पलीकडे इस्त्री, बटणांचे डबे, एक छोटे टेबल, त्याहून छोटी खुर्ची आणि मापांची वही. त्या खुर्चीवर मास्तरांची बायको बसे. तिला सगळे वहिनी म्हणत. प्रथम म्हटले ते मास्तरांच्या धाकट्या भावाने, आणि त्याचा तो हक्कच होता. त्याचे ऐकून मशीनवरचे काका म्हणू लागले, काकांचे ऐकून गिऱ्हाइके, आणि अखेरीस पोस्टमनसुद्धा. मास्तर अलीकडून मापे पुकारत, वहिनी पलीकडे लिहून घेत, आणि पोटाच्या रकान्यात, ऐकलेल्या आकड्यात दोन मिळवून, खरा आकडा लिहीत. पुरुषांची मापे चालली असताना बाईमाणसाने समोर असू नये, म्हणून पडदा. काजे करणे, कॉलरला हाताने टाके घालणे, उसवलेले दुरुस्त करणे ही कामेही तिकडेच होत.

अशा रीतीने सव्वीस वर्षांत वहिनींनी शेकडो पुरुष ऐकले होते. पाहिला एकही नव्हता. मुख्याध्यापकांचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे, औषधांच्या दुकानाच्या मालकाचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब आहे, हे त्यांना त्या माणसांच्या बायकांआधी कळलेले असे. रस्त्याने समोरून येणारा चेहरा त्यांना ओळखू येत नसे. माणूस पुढे निघून गेला आणि त्याची पाठ दिसली, की मनात आकड्यांची एक ओळ उमटे आणि मग ओळख पटे. एकदा पोस्टातल्या एका कारकुनाची छाती वर्षभरात तीन इंच उतरलेली ऐकून त्यांनी रात्रीच्या जेवणात विषय काढला होता.

“अहो, त्यांना म्हणावं, एकदा डॉक्टरला दाखवून या.”

“आपण शिंपी आहोत गं,” मास्तर म्हणाले होते. “कपडे शिवतो. माणसं तपासत नाही.”

कोट वेळेवर तयार झाला. तो न्यायला कारकून आला नाही; त्याचा भाऊ आला.

मास्तर साठीला टेकले आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी खडूची रेघ हलली, मग कात्री. डॉक्टरांनी कात्रीला हात लावायची मनाई केली. मास्तरांनी ती मनाई पाळली, पण टेप मात्र गळ्यातून काढली नाही, आणि त्याला कारण होते. दुकानात पाऊल टाकणारा नवा माणूस ज्याच्या गळ्यात टेप असेल त्यालाच मास्तर म्हणे. तिथे वय, चेहरा, पाटीवरचे नाव यांपैकी काहीच विचारात घेतले जात नसे.

पुढे काय करायचे, हे ठरवायला धाकटे भाऊ एका दुपारी दुकानावरच्या घरात आले. ते विमा कचेरीत होते, आणि प्रत्येक संकटाचा आपल्याला आधीच अंदाज आला होता असे मानायची त्यांना सवय होती.

“दादा, मी माणूस बघून ठेवलाय,” ते म्हणाले. “कपड्यांच्या फॅक्टरीत पंधरा वर्षं कटिंगला होता. हात असा चालतो की बघत राहावं.”

“मापं घेता येतात का त्याला?” मास्तरांनी विचारले.

“न यायला काय झालं? टेपवर आकडे असतातच की.”

वहिनी चहाचे कप ठेवत होत्या. शेवटचा कप हातातच धरून त्या म्हणाल्या, “मी घेतली तर?”

“काय घेतली तर?”

“मापं.”

धाकटे हसले. त्यांना हसताना पाहून मास्तरही हसले. त्यांना हसायचे होते असे नव्हे, पण भाऊ हसला की हसू येते, तसे.

“पुरुषांची, वहिनी?”

“दुकान पुरुषांच्या कपड्यांचं आहे, भाऊजी. घोड्यांची कुठून आणू?”

“तसं नाही हो. लोकांना संकोच वाटेल.”

“दवाखान्यात नर्सबाई सुई टोचतात तेव्हा नाही वाटत?”

“तिथं माणूस आजारी असतो.”

“इथं पोट सुटलेलं असतं. एवढा काय फरक?”

“फरक आहे! आजाऱ्याला मान-अपमान नसतो. आणि लोक काय म्हणतील? मास्तरांचा हात गेला, तर बायकोला पुढं उभं केलं!”

“तुला जमणार नाही असं नाही गं,” मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. “पण लोक येणार नाहीत. आणि तू आहेस तिथं काय वाईट आहेस?”

“वाईट नाहीये. पण बँडवाल्यांचे कोट दर खेपेला एकाच जागी उसवून येतात. डाव्या बरगडीखाली. का, ते मला कधी बघायलाच मिळालं नाही.”

“उसवलेलं तूच शिवतेस ना? मग झालं तर.”

वहिनींनी शेवटचा कप खाली ठेवला. त्यांना जे हवे होते, ते हसण्यासारखे नव्हते. सव्वीस वर्षे ज्या शरीरांचे आकडे त्या लिहीत आल्या होत्या, त्यांपैकी एक तरी डोळ्यांनी पाहावे, हाताने मापावे आणि कोट त्याच्या अंगावर बसेपर्यंत समोर उभे राहावे, एवढेच त्यांना हवे होते. आजवर हे मागण्याची वेळ आली नव्हती, कारण मास्तर होते. आता एकदा दुसरा माणूस टेपेवर आला, की ती वेळ पुन्हा येणार नव्हती. ही गोष्ट त्या खोलीतल्या तिघांपैकी एकाच व्यक्तीला कळत होती, आणि ती व्यक्ती रिकामा ट्रे घेऊन आत निघून गेली.

नवा माणूस पहिल्या तारखेला रुजू झाला. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘फॅक्टरी’ असे नाव दिले आणि तो निमूटपणे त्या नावाला ओ देऊ लागला. कापडावर त्याचा हात खरोखरच असा चालत असे, की धाकट्यांच्या बोलण्यात प्रथमच अतिशयोक्ती आढळली नाही. गिऱ्हाइकाला टेप लावताना मात्र तो तापलेल्या इस्त्रीला बोट लावून पाहावे तसा हात पुढे करी आणि मागे घेई. मास्तरांनी त्याला दुकानाची रीत समजावून सांगितली.

“पोटाचं माप दोन इंच कमी पुकारायचं. आणि कापताना दोन मिळवायचे. विसरलास तर बटणं लागायची नाहीत.”

“लक्षात आलं,” फॅक्टरी म्हणाला.

वहिनी त्या वेळी वर घरात होत्या.

पहिलेच मोठे काम आले ते बँडचे. नदीवरच्या नव्या पुलाचे येत्या रविवारी उद्घाटन होते, आणि तिथे वाजवणाऱ्या आठ जणांना गर्द निळे कोट हवे होते. आठही जण एका सकाळी आले. फॅक्टरीने मापे घेतली, रीतीप्रमाणे दोन इंच कमी पुकारली. पडद्यामागे वहिनींनी रीतीप्रमाणे दोन मिळवून लिहिली. आणि दुपारी फॅक्टरीने वही समोर ठेवून, सांगितल्याप्रमाणे आणखी दोन मिळवून, आठ कोट कापले. तिघांनीही आपापले काम चोख केले होते.

मंगळवारी कोट काजांसाठी वहिनींकडे आले. पहिल्या कोटाच्या वेळी त्यांना वाटले, फॅक्टरीकडली पद्धत सैल असेल. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी वही उघडली. तिसरा त्यांनी मांडीवर पसरला, कमरेशी टेप लावली, आणि काय झाले आहे ते त्यांना पूर्णपणे कळले.

पडदा त्यांच्यापासून दोन हातांवर होता. ‘अहो’ एवढे म्हटले असते तरी पुरले असते. त्यांनी दोऱ्याला मेण लावले, सुई ओवली आणि काज करायला घेतले. उरलेली दुपार त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. या मौनाचे समर्थन करता येणार नाही. आठ माणसांना रविवारी कोट हवे होते, आणि त्यांनी वहिनींचे काहीही बिघडवलेले नव्हते. पण ज्या माणसाला नुकतेच हसून गप्प केले आहे, त्याने दोनच आठवड्यांत पुन्हा तोंड उघडावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी, गप्प करणाऱ्यांकडून नेमकी काय अपेक्षा केली होती, हेही सांगायला हवे.

बुधवारी दुपारी आठही जण ट्रायलला आले, वाद्यांच्या पेट्या घेऊनच, कारण इथून ते थेट तालमीला जायचे होते. बँडप्रमुखाशी ओळख असल्यामुळे धाकटेही रजा टाकून हजर होते. कोट चढवले गेले.

“मास्तर,” बँडप्रमुख आरशात पाहत म्हणाला, “यात मी आणि माझा मेहुणा दोघं मावू.”

“मला तर ड्रमसुद्धा आत घेता येईल,” ड्रमवाला म्हणाला.

“मला बरा वाटतोय,” ट्युबावाला म्हणाला. ट्युबा म्हणजे छातीशी कवटाळून वाजवायचा तो पितळी, अजस्र भोंगा. आणि तो वाजवणारा माणूसही त्याच मापाचा होता. “खरंच. श्वास घेता येतोय.”

“तुला पोतंही बरं वाटेल,” ड्रमवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकेका कोटाची कंबर चिमटीत धरून पाहिली. “हे कसं झालं?” त्यांनी फॅक्टरीला विचारले.

“मी वहीप्रमाणेच कापलंय. वहीतला आकडा आणि वर दोन. तुम्ही सांगितलं तसं.”

“वहीत मी मिळवलेले असतात,” पडद्यामागून आवाज आला.

आठ वादक, दोन भाऊ, काका आणि फॅक्टरी या सगळ्यांनी पडद्याकडे पाहिले.

“काय मिळवलेले असतात?” मास्तरांनी विचारले.

“दोन इंच.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून. तुम्हाला विचारलं होतं मी. म्हटलं, लिहितानाच मिळवून लिहू का, कापताना विसरायला नको. तुम्ही ‘लिही’ म्हणालात.”

मास्तर आठवू लागले. तरुणपणी, लग्नाआधी, याच वहीशी ते स्वतः बसत असत. ऐकतील तोच आकडा लिहीत, आणि वडील कापताना त्यात दोन मिळवत. मग कात्री त्यांच्या हाती आली, वहीशी ती आली, तिने विचारले, त्यांनी ‘लिही’ म्हटले असेलही. त्यानंतर सव्वीस वर्षे ते वहीतला आकडा जसाच्या तसा कापत आले होते. हाताला नवी पद्धत कधीच सरावाची झाली होती, पण तोंडात मात्र वडिलांचेच वाक्य राहिले होते, आणि नव्या माणसाला शिकवायची वेळ आली तेव्हा तेच बाहेर पडले. कोट नेहमी बरोबर बसत. म्हणजे दोन इंच कुणीतरी मिळवत होते. आणि ते कुणीतरी आपणच, असे त्यांनी कधी न तपासता धरून ठेवले होते.

“म्हणजे चूक वहिनींची!” धाकटे म्हणाले.

“नाही,” फॅक्टरी म्हणाला. तो आपणहून बोलल्यामुळे काकांनी मशीन थांबवले. “त्यांनी बरोबर लिहिलंय. मीही सांगितलं तसंच कापलंय. मला काम सांगताना त्यातून एक माणूस गाळला गेला.”

मास्तर स्टुलावर बसले. “काजं तूच केलीस ना?” त्यांनी पडद्याला विचारले. “तुला दिसलं नाही?”

“काल दिसलं. तिसऱ्या कोटाला.”

“मग बोलली का नाहीस?”

“मागे बोलले होते, तेव्हा तुम्ही हसलात.”

 मास्तरांनी पिनांची गादी उचलली, ते बँडप्रमुखाच्या पाठीशी गेले, कोटाच्या बाजूची शिवण चिमटीत धरली आणि पहिली पिन खोचली.

“आई गं!” बँडप्रमुख म्हणाला.

“हलू नका.”

“मी नाही हललो, मास्तर.”

दुसऱ्या पिनेलाही तेच झाले. थरथरत्या हाताकडे सगळे पाहत होते आणि पाहत नसल्यासारखे करत होते. मास्तरांनी गादी फॅक्टरीपुढे धरली. तो मागे सरकला.

“मला नका सांगू. फॅक्टरीत पुतळे होते. पुतळ्यांना गुदगुल्या होत नाहीत.”

तेव्हा पडदा बाजूला झाला. वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या मनगटाला पिनांची स्वतःची गादी बांधलेली होती, आणि हातात त्यांची स्वतःची टेप होती. काजे मोजून मोजून तिचे पहिले चार इंच पुसट झालेले. ड्रमवाल्याने कोट असूनही दोन्ही हात छातीवर बांधून घेतले. कुणीतरी खाकरले.

“वहिनी, अहो...” धाकटे पुढे आले.

“भाऊजी, खिडकीतून जरा सरका. उजेड अडतोय.”

धाकटे सरकले. वहिनी बँडप्रमुखाच्या मागे उभ्या राहिल्या. परक्या पुरुषाच्या पाठीला आजवर त्यांचा हात लागलेला नव्हता. आणि मास्तरांनी, कारण या बाबतीत त्यांची नजर आता जाणती झाली होती, तो हात थरथरताना पाहिला. पहिली पिन थरथरत गेली, दुसरीही. तिसरीला हात स्थिरावला. बँडप्रमुख एकदाही ओरडला नाही.

मग त्या ड्रमवाल्याकडे वळल्या, आणि त्याच्या पोटाभोवती टेप टाकून त्यांनी भुवया चढवल्या.

“वहीत बेचाळीस आहे. इथं चाळीस भरतंय. आठवड्यात दोन इंच गेले? जेवला नाहीत का?”

“जेवलो,” ड्रमवाला ओठ न हलवता म्हणाला.

“मग श्वास सोडा, भाऊ. निळे पडाल, आणि कोटही निळाच आहे.”

हसू फुटले, पण त्याने काम भागले नाही. मास्तरांपुढे किंवा फॅक्टरीपुढे जी पोटे निर्धास्त सुटलेली असत, ती एका बाईच्या टेपेपुढे एकजात आत गेली होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जवळजवळ प्रत्येकाने नेमके दोन इंचच पोट आत ओढले होते. मास्तरांच्या वडिलांनी जे दोन इंच गिऱ्हाइकांना भेट म्हणून दिले होते, ते आता ही माणसे श्वास कोंडून, घाम गाळून स्वतः मिळवत होती. धाकट्यांच्या चेहऱ्यावर ‘मी म्हणालो नव्हतो का’ हे वाक्य स्पष्ट दिसू लागले.

वहिनी आठही जणांकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर भिंतीशी ठेवलेल्या पेट्यांकडे गेली.

“वाद्यं काढा,” त्या म्हणाल्या.

“इथं?” बँडप्रमुखाने विचारले.

“इथंच. कोट घालून पुलावर नुसते उभे राहणार आहात का? वाजवा.”

पाच जण फुंकून वाजवणारे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले, वाद्ये काढली, आणि बँडप्रमुखाने हात वर करताच त्या खोलीत असा काही आवाज झाला, की रस्त्यावरची माणसे दारात गोळा झाली आणि काकांच्या मशीनवरचे रीळ घरंगळत खाली पडले. फुंकणाऱ्या माणसाला पोट आत ओढता येत नाही. पहिल्याच सुराला पाचही पोटे आपल्या खऱ्या जागी आली, आणि त्याहीपुढे गेली. वहिनींनी ट्युबावाल्याच्या अंगाभोवती टेप धरली. तो श्वास भरी तेव्हा आकडा सरके. छातीशी नव्हे, पोटाशीही नव्हे, तर मधे, बाजूला. त्यांनी डाव्या बरगडीखाली बोट टेकवले.

“इथं,” त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. “अहो, इकडे या. हात लावून बघा. दर वेळी इथंच उसवतं.”

मास्तर उठून आले. त्यांनी थरथरता हात ट्युबावाल्याच्या बरगडीवर ठेवला. सूर लांबला आणि त्यांच्या तळव्याखालचे कापड भरत, ताणत गेले. सव्वीस वर्षे ते या बँडचे कोट शिवत आले होते, आणि प्रत्येक वेळी त्यांनी या माणसांना गप्प, स्तब्ध उभे करूनच मापले होते.

“दीड इंच,” ते म्हणाले. आवाज थांबला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेले. “श्वासागणिक दीड इंच जातोय.”

“म्हणून तर यांना हा कोट बरा वाटला. फुंकणाऱ्या पाच जणांचे दोन इंच कापून टाकायचे नाहीत. पुढून काढून बरगडीकडे सरकवायचे. ड्रम, झांजा आणि बँडप्रमुख, हे तिघं मात्र बाजूनं आत घ्यायचे. आणि यापुढे तुमच्या कोटांना तिथं शिवणीच्या आत कापडाची जास्त माया सोडायची,” त्या ट्युबावाल्याला म्हणाल्या.

“मी आल्या आल्याच म्हणालो होतो,” ट्युबावाला ड्रमवाल्याला म्हणाला. “पोतं म्हणे!”

पुढले तीन दिवस मशीन थांबले नाही. पिना आणि खडूच्या खुणा वहिनींच्या, कात्री फॅक्टरीची. तो खुणेवरून एक धागाही इकडेतिकडे होऊ देत नसे. शनिवारी इस्त्री करता करता तो म्हणाला, “वहिनी, एक विचारू? सोमवारपासून माणसं तुम्हीच बघाल का? मला कापड द्या, वाटेल तेवढं. माणसं नकोत.”

“मला काय विचारतोस? टेप त्यांच्या गळ्यात आहे.”

मास्तर समोरच बटणे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी पुलावर एकही शिवण उसवली नाही. धाकटे पहिल्या रांगेत होते. शेजारच्या माणसाला त्यांनी सांगितले, की वाद्य वाजवतानाच माप घ्यायला हवे, हे आमच्या वहिनींना फार पूर्वीपासून वाटत होते. घरात चर्चाही झाली होती.

सोमवारी सकाळी वहिनी नेहमीप्रमाणे पडद्यामागे जाऊन बसल्या. बुधवारी जे झाले ते अडचणीपोटी झाले, आणि अडचण संपली की माणसे आपापल्या जागी परततात, हे त्यांनी पाहिलेले होते. थोड्या वेळाने दारातून मुख्याध्यापक आत आले. त्यांचा आवाज वहिनींनी ओळखला. फॅक्टरीने घाईघाईने एक तागा उलगडला आणि तो त्यात दिसेनासा झाला.

“या, बसा,” मास्तर म्हणाले. मग पडदा सरकला, आणि ते आत आले. त्यांनी गळ्यातली टेप काढली. बोटांत तिचा गुंता झाला. तो त्यांनी सावकाश सोडवला. वहिनींनी मदतीला हात पुढे केला नाही. शेवटी त्यांनी टेप वहीवर ठेवली.

“ऊठ,” ते म्हणाले. “ही खुर्ची मला लागेल.”

वहिनी उठल्या. मास्तर बसले आणि लगेच चुळबुळले. “फारच बुटकी आहे गं ही.”

“सव्वीस वर्षं सांगतेय.”

त्या टेप गळ्यात घालून बाहेर आल्या. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे.

“मास्तर कुठे गेले?”

“मास्तर समोर आहेत तुमच्या,” पडद्यामागून आवाज आला. “सरळ उभे राहा आणि हात थोडे वर धरा.”

मुख्याध्यापकांनी हात वर धरले. आयुष्यभर इतरांना असे उभे करत आल्यामुळे हुकूम कसा पाळायचा हे त्यांना चांगले ठाऊक होते. वहिनींनी त्यांचा डावा खांदा पाहिला. अर्धा इंच उतरता होता. वहीतल्यापेक्षा प्रत्यक्षात तो फार थकलेला दिसत होता, आणि आकड्यात हे लिहायची सोय नव्हती.

“खांदा साडेसतरा. डावा अर्धा उतार. बाही पंचवीस.”

“सावकाश पुकारा,” आतून आवाज आला. “हात पुरत नाही. आणि इथून काही दिसतही नाही.”

“माहीत आहे मला.”

पोटाशी त्या थांबल्या. मुख्याध्यापकांनी श्वास आत ओढला होता. वहिनी टेप सैल धरून, खिडकीबाहेर पाहत उभ्या राहिल्या. शेवटी मुख्याध्यापकांनाच श्वास सोडावा लागला. टेप चाळीसवर आली.

“अडतीस,” वहिनी मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या.

मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. पडद्यामागे मात्र पेनाचा आवाज झाला, थांबला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा झाला.

दुकान बंद करताना वहिनींनी वही उघडून पाहिली. अक्षर लहान मुलाने गिरवल्यासारखे, ओळी सोडून खाली गेलेले. खांदा बरोबर होता, बाही बरोबर होती. पोटाच्या रकान्यात मास्तरांनी आधी अडतीस लिहिले होते. मग त्यावर एक वाकडी रेघ ओढून, शेजारी, कागद फाटेल इतका जोर देऊन, चाळीस.